पुढच्या दरवाजात दिसलेली हौसा

मित्रांनो, राहनाळच्या एका गोदामात छताजवळ बसवलेला जुना कॅमेरा तुमच्याशी बोलतो आहे. जे पाहिले त्याने मी हादरलो आहे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा. उमेदीची वर्षे मी मुंबईत एका सोन्याचांदीच्या पेढीवर काढली. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून केस सारखे करत, तेव्हा मला फार ऐट वाटे. पुढे नवे रंगीत कॅमेरे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. ब्याण्णव साली केसरीनाथशेठ मला आणि माझ्यासारख्याच जोडीदार कॅमेऱ्याला भिवंडीजवळच्या राहनाळला घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर आता कापडाचे गोदाम उभे होते.

जोडीदाराला पुढच्या दरवाजाशी बसवले, मला मागच्या खोलीत. दोघांच्याही समोर कापडाच्या गठ्ठ्यांची थप्पी. आमच्या काळ्या वायरी माडीवरच्या ऑफिसात जातात, त्यामुळे तिथले बोलणे मला कळते. तिथे एक छोटा टीव्ही आणि दोन बटने आहेत. बटनांवर चिठ्ठ्या आहेत, ‘पुढचा दरवाजा’ आणि ‘मागची खोली’. केसरीनाथशेठ पाहुण्यांना ती बटने दाबून दाखवत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

एका पावसाळ्यात आमची चित्रे थरथरू लागली. मग पडद्यावर नुसत्या मुंग्याच. दुरुस्तीला सुधीर आला. मोठा हुशार मुलगा! वायरीच्या जोडात पाणी शिरल्याचे त्याने लगेच ओळखले. सगळ्या वायरी सोडवल्या, पुसल्या, वाळवल्या, परत जोडल्या. दोन्ही बटने दाबून पाहिली. दोन्हीकडे गठ्ठे लख्ख दिसले. शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो चहा पिऊन गेला.

आमच्या वायरींची मात्र अदलाबदल झाली होती. आता ‘पुढचा दरवाजा’ दाबला की मागची खोली दिसे. गठ्ठे सगळीकडे सारखेच, कुणाला कळणार?

आणि एका दुपारी मागच्या खोलीत शटरजवळच्या विजेच्या बोर्डातून ठिणगी पडली; तो कोपरा टीव्हीवरच्या चित्रात येत नाही. एका गठ्ठ्याने पेट घेतला. खोलीला दुसरी वाट नाही. थप्पीच्या पलीकडे, शटरकडून दिसणार नाही अशी पण माझ्या अगदी समोर, गोदामात शिवणकाम करणारी हौसा गोणपाट शिवत बसली होती. तिला काहीच पत्ता नव्हता.

खालून लडकू हमाल ओरडला, “शेठ, आग! शटर पाडू का? न्हायतर पुढचा माल पन जाईल!”

शेठ माणुसकीचे. त्यांनी आधी विचारले, “आत कोन हाय का?” आणि टीव्हीकडे धावले. ‘मागची खोली’ दाबले. रिकामी! ‘पुढचा दरवाजा’ दाबले. हौसा शांतपणे सुई ओढत होती.

“हौसा पुढं बसलीय. मागं कोनी न्हाय. पाड शटर!”

मित्रांनो, माझा विश्वासच बसेना. मी तिला पाहत होतो. माझ्याच डोळ्यांनी तेही तिला पाहत होते. तरी शटर खाली आले. धडाम!

हौसा दचकून उठली. धूर पाहिला, शटरकडे धावली, खोकत मागे फिरली. तेवढ्यात जानकीबाई, तिच्यासोबत काम करणारी बाई, जिना चढून आली.

“हौसा कुठं हाय?”

“ती काय, पुढं. बघ ना!”

“दादा, मी पुढनंच येतेय. तिथं कोनी न्हाय! आनि पुढं एवढा धूर कुठं हाय?”

शेठचा चेहरा पांढरा पडला. ते जिन्यावरून अक्षरशः कोसळत खाली गेले आणि तापलेले शटर त्यांनी उघड्या हातांनी वर ओढले. तळहातांची साल निघाली. लडकूने हौसाला बाहेर ओढून काढले. ती वाचली.

मला वाटले, आता तरी वायरी तपासतील. पण जानकीबाईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “गावदेवीनंच तिला पुढं दाखवली! न्हायतर कोनाला कललं असतं ती आत हाय म्हनून?” हे ऐकताच शेठच्या चेहऱ्यावर रंग परत आला. शटर पाडायला सांगणारे तेच होते. देवीच्या चमत्कारात ते विसरता येत होते.

हौसा वाचली ती ही खोली, म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच नारळ फुटला. मला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. बातमी ऐकून सुधीर धावत आला. “शेठ, एकदा वायरी चेक करू का?” तो चाचरत म्हणाला. शेठनी पट्ट्या बांधलेले हात जोडले. “बाबा, देवीचं काम हाय. हात लावू नको.” सुधीरने सुटकेचा श्वास टाकला आणि निघून गेला. त्या श्वासाने मला आगीपेक्षा जास्त धक्का बसला.

हौसा पुन्हा कामावर आली आहे. चप्पल बाहेर काढते, मला नमस्कार करते आणि निर्धास्तपणे शिवायला बसते. या घडीलाही टीव्हीवर ती पुढच्या दरवाजात बसलेली दिसते.

मित्रांनो, मला हार नको, नमस्कार नको. तुमच्यापैकी कुणी राहनाळला आलात तर माझ्यासमोर उभे राहा, हात वर करा आणि माडीवरच्या माणसाला ओरडून विचारा, “मी कुठल्या बटनात दिसतो?” पण लवकर या. हौसा आतच आहे.