वीणा खाली ठेवायची नाही

कृष्णमूर्तीच्या गळ्यात वीणा होती आणि डोक्यात राग. कानडी मुलखात, चिकपेटेतल्या विठोबाच्या देवळात नामसप्ताह चालला होता. सात दिवस नाम थांबायचं नाही, वीणा भुईला टेकायची नाही. एकाने उतरवली की दुसऱ्याने पाया पडून ती गळ्यात घ्यायची, असा इथला शिरस्ता. त्याचा पहारा केव्हाच संपला होता. पुढचा पहारा टॅक्सीवाल्या देवाप्पाचा, आणि देवाप्पाचा पत्ता नव्हता.

नेमकी आजच कृष्णमूर्तीची मोटारीच्या परवान्याची परीक्षा. हेब्बाळच्या शेतकी कॉलेजातून गव्हाचं शिक्षण घ्यायला त्याला मेक्सिकोला पाठवायचं ठरलं होतं. अमेरिकेच्या हद्दीपासून तिथल्या शेतांपर्यंत चौघा शिकाऊंनी आळीपाळीनं मोटार हाकत जायचं; परवाना नसेल त्याची जागा दुसऱ्याला. देवी टोचून झाल्या, नकाशा आला, पाणी म्हणजे आग्वा नि चाक म्हणजे रुएदा एवढं स्पॅनिशही घोकून झालं. अडलं ते इथं. परीक्षा घेणारे साहेब उद्यापासून रजेवर, ते परतायच्या आत याचं विमान.

“आप्पाजी, स्वल्प तुम्ही धरा ना,” तो कुजबुजला.

देवळाचा कारभार बघणाऱ्या आप्पाजींचा खांदा निखळून हात झोळीत बांधलेला. “या हातानं? पडली म्हणजे?”

“मग आईकडे देतो.”

“बायकांनी वीणा घ्यायची नाही. आजवर झालं नाही ते.”

“बरोबर आहे,” टाळ न थांबवता सकवारबाई लेकाला म्हणाली. “तुला नऊ महिने पोटात वागवला, तेवढं पेललं. हे लाकूड काही आम्हांला पेलायचं नाही.”

बाकीचे पुरुष गिरणीत, दुकानांत. कामाचा दिवस. कृष्णमूर्ती दात आवळून “रामकृष्णहरी” म्हणत राहिला. नाम ओठांवर, डोळे दारावर. देवा, ही असली भक्ती तुला चालते का, असं त्याला वाटून गेलं, आणि त्याचाही त्याला राग आला.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. देवाप्पा घाम पुसत आत शिरला आणि कृष्णमूर्तीला लाडक्या नावानं हाक मारत ओरडला.

“काय रे किट्टी! कचेरीपुढं उन्हात गाडी लावून वाळून गेलो मी! साहेबांनी दोनदा नाव पुकारलं. जेवायच्या सुट्टीआधी आलास तर घेतो म्हणाले.”

“आणि तुझा पहारा?”

“पहारा? गाडी घेऊन थेट कचेरीपाशी ये, असं तूच नाही का म्हणालास?”

म्हणाला होता खरा. आणि त्याच संध्याकाळी, माझ्यामागून देवाप्पाअण्णाला लावा, तो वेळेवर येतो, असं आप्पाजींना सांगणाराही तोच. एकाच माणसाला त्यानं दोन ठिकाणी उभं केलं होतं. आता चिडायचं कुणावर?

“ते राहू दे. घे वीणा!”

“घेतो. मग गाडीत तुझ्याशेजारी कोण बसणार? शिकाऊ माणसानं एकट्यानं चाकाला हात लावायचा नाही.”

“विठोबा, तूच ये रे आता खाली!” कृष्णमूर्ती ओरडला.

“ओरडू नको, त्याला ऐकू येतं,” आप्पाजी म्हणाले. क्षणभर त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. “दिंडीत वीणा बाहेर जाते ना? नाम न थांबता गेली तर जाते. चला, दिंडी काढू. मोटारीतून.”

कृष्णमूर्ती चाकाशी, शेजारी गळ्यात वीणा घेतलेला देवाप्पा, मागे आप्पाजी आणि टाळ घेतलेली सकवारबाई, अशी ती दिंडी घोडे जुंपलेल्या जटक्यांच्या गर्दीतून निघाली. देवाप्पा नामाच्या मधेच “क्लच! क्लच!” म्हणत होता.

कचेरीच्या पायरीवर साहेब थबकले. “काय हे? लग्नाची वरात?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“मेक्सिकोला जायचंय, परीक्षा द्यायची आहे, सार. यांना थांबता येत नाही.”

“थांबू नका म्हणावं. पण खाली उतरा.”

तिघं झाडाखाली उभी राहून नाम घेऊ लागली. साहेब शेजारी बसले. चढावर गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा चढली. साहेबांनी कागदावर सही केली.

“सरी, ठीक आहे. वळताना हात मात्र दाखवत जा. तिकडे लोकांना सावध करायला टाळ वाजवणारं कुणी नसेल.”

परतताना कागद खिशात होता, पण आनंदाला सवड कुणी देईना.

“अरे खड्डा चुकव, वीणा आहे गाडीत!” आप्पाजी.

“मेक्सिकोतही असाच उडवणार का लोकांना?” आई.

“गिअर बदल, किट्टी, गाडी रडतेय!” देवाप्पा.

“एकदम बोलू नका सगळे!”

“आम्ही गप्पच बसतो. पण मग नाम कुणी घ्यायचं?” आप्पाजी म्हणाले.

दातओठ खात कृष्णमूर्तीनं गिअर बदलला, आणि मोकळ्या गळ्यानं नाम उचललं.