बारा गोल फळं

फिलिपिन्समधल्या डोंगरावरच्या बागियोत एकतीस डिसेंबरला भर दुपारीही स्वेटर लागतो. शेजारच्या पर्पेतुआबाईंनी टेबलावर बारा गोल फळं रचली होती, नव्या वर्षाच्या प्रत्येक महिन्याला एक. फळ कमी पडलं की त्या महिन्यातलं काम फिसकटतं, अशी इथली समजूत. त्यातलं सगळ्यात वरचं संत्रं त्यांच्या सुनेने, विमीने फ्रूट सॅलडमध्ये चिरून टाकलं.

"अगं, महिना कापलास की!" सासूबाई ओरडल्या. "कुठला होता?"

"मला काय माहीत आई? वरचा होता."

"वरचा म्हणजे शेवटचा. डिसेंबर," सासरे म्हणाले.

"मोजतात वरूनच. जानेवारी गेला," मी म्हणाले. दुसऱ्याच्या घरातलं मला नेहमी पक्कं ठाऊक असतं.

जानेवारीत विमीचा नवरा आर्नेल दोन वर्षांसाठी बोटीवर नोकरीला निघणार होता. 'जाऊ नकोस' म्हणायचा धीर सासू-सुनेपैकी एकीलाही झाला नव्हता.

"थांबा, दुसरं संत्रं आणतो," स्टुलावर चढून दिव्यांची माळ लावणारा आर्नेल म्हणाला.

"काही नको!" दोघी एकदम म्हणाल्या आणि गोंधळून एकमेकींकडे बघत राहिल्या. लग्नाला आठ महिने झाले, पण त्यांचं एकमत झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी सॅलडचा पहिला चमचा स्वतः खाल्ला, दुसरा सुनेला भरवला.

"म्हणजे मी जातोय की नाही?" आर्नेलने विचारलं.

"साखर कमी झालीय का गं?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.