धाकटीचा थ्रेशोल्ड

धाकटीला प्रयोगशाळेत ताईनेच आणलं होतं. अर्ज करायला लावला, प्रमुख बाईंकडे शब्द टाकला, पहिल्या दिवशी हातमोजे कसे चढवायचे तेही दाखवलं. आता मात्र धाकटीचं कौतुक सुरू झालं की ताईच्या पोटात दुखायचं.

काम दोघींचं एकच. कणशोधकात बसवायची सिलिकॉनची मॉड्यूल्स जोडायची आणि तपासायची. प्रत्येकावर हजारो बारीक पिक्सेल. कण आरपार गेला की पिक्सेलमध्ये किंचित विद्युतभार उमटतो. किती भार आला म्हणजे पिक्सेलने ‘कण आला’ म्हणायचं, ती मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. तो खाली ठेवला तर पिक्सेल उगाच ओरडत सुटतात. वर ठेवला तर खरा कण येऊन गेला तरी ढिम्म. सगळ्या पिक्सेलना एका पातळीवर आणायचं, ही खरी डोकेदुखी. ताई त्यात मुरलेली होती.

धाकटीने वर्षभरातच त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला. बैठकीत दोघींचे आलेख शेजारी शेजारी लागले. ताईचा बरा होता, जरा पसरट. धाकटीचा सुईसारखा, म्हणजे सगळे पिक्सेल एका पातळीवर.

“याला म्हणतात काम!” प्रमुख बाई म्हणाल्या.

ताईने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. घरी आईचंही तेच. “काही अडलं तर तिला विचारत जा गं.”

सुट्टीच्या दिवशी ताई एकटीच प्रयोगशाळेत गेली. तपासणी करायलाच हवी, असं मनाशी म्हणत होती. खरं तर तिला चूक हवी होती. एखादी तरी. एरवी दोघी चिपमधूनच पिक्सेलना ठराविक भार टोचून थ्रेशोल्ड मोजायच्या. आज तिने किरणोत्सारी स्रोत बाहेर काढला. त्याच्या क्ष-किरणांनी किती भार पडतो हे पक्कं ठाऊक असतं, तिथे लबाडी चालत नाही.

धाकटीचं मॉड्यूल ठेवलं. आकडा हवा तिथेच आला. दुसरं ठेवलं, तेही चोख. मग चिडून स्वतःचं ठेवलं. थ्रेशोल्ड सांगितला होता त्याहून चांगलाच वर निघाला. तिची सगळीच तशी निघाली.

टोचलेल्या भाराचा हिशेब ज्या गुणकावर चालायचा, तो पूर्वी ताईनेच मोजून दिला होता. तिने धाकटीचा प्रोग्रॅम उघडला. तिथे गुणक बदलून बरोबर केलेला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी प्रयोगशाळेतल्या धूळमुक्त खोलीबाहेर पांढरा कोट चढवत होती.

“गुणक कधी बदललास?”

धाकटीचा हात बाहीतच राहिला. “झाले काही महिने.”

“मला बोलली नाहीस ती?”

“बोलले असते तर तू रुसून बसली असतीस. बसवायच्या आधी तुझी मॉड्यूल्सही मी हळूच नीट करणार होते, ताई. कुणाला कळलंही नसतं.”

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ही वरचढ ठरली ते एक वेळ सोसलं असतं. पण ही तर तिला सांभाळून घेत होती, बोट धरून चालवावं तशी.

पुढच्या बैठकीत ताईने उठून स्वतःच सगळं सांगून टाकलं. निदान खरेपणाचा मान तरी आपल्या पदरात पडावा! प्रमुख बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वळल्या त्या धाकटीकडे. “तुझ्या कसं लक्षात आलं गं?”

ताई खाली बसली.

तिच्या सगळ्या मॉड्यूल्सचे थ्रेशोल्ड नव्याने लावायचं ठरलं, तेही धाकटीच्या प्रोग्रॅमने. धाकटी खुर्ची ओढून शेजारी बसली. ताई तिच्याकडे न बघता बटणं दाबत राहिली. पहिला आलेख पडद्यावर उमटला. धाकटीच्या कुठल्याही आलेखापेक्षा तो बारीक होता.

धाकटी पुढे वाकली. “माझी मॉड्यूल्स इतकी शांत नाहीत, मधूनच उगाच ओरडतात. यांची जोडणी कुणाची?” ती हसत होती, पण ओठ दाबून. ते हसू ताईला नीट ओळखता येत होतं, बैठकीत टाळ्या वाजवताना तिचंही असंच होतं.

“माझीच,” ताई म्हणाली, आणि आलेख पुसून पुढचं मॉड्यूल घ्यायला तिने मुद्दाम वेळ लावला.