पेटीतली मच्छरदाणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे, असं सांगायला मला आवडलं असतं. फाटलेली, ठिगळं लावलेली. पण मी कोरी आहे. तेच माझं दुःख.

कारखान्यात माझ्या धाग्याधाग्यात औषध मुरवलं. बसलेला डास मरावा म्हणून. मग मी हर्सूलला आले. तलावाजवळच्या वस्तीत आशा कार्यकर्ती अमिनानं मला सायलीच्या हातात दिलं. सायली पोटुशी होती.

"आजपासूनच बांध," अमिना म्हणाली.

सायलीच्या सासूनं, द्वारकाबाईनं, मला लगेच उचललं. "कोरी हाय. बाळाच्या पाळण्याला व्हईल."

"मावशी, पाळण्याला नाय. सायलीला दिली ती."

"व्हय गं! चार लेकरं बिगर जाळीची वाढवली म्या. तू मला शिकवती?"

घडी. पेटी. अंधार. डांबरगोळ्या.

बाहेर डास गुणगुणायचे. औषध माझ्यापाशी होतं. मी कुलपात.

मग सायलीचे दात वाजू लागले. गोधड्या. घाम. दुसऱ्या दिवशी ती उठली, भाकरी थापल्या. सगळ्यांना वाटलं, ताप गेला.

पुन्हा दात वाजले.

अमिना रक्त तपासायला आली. द्वारकाबाईनं दारातच अडवलं. "रक्त बघशील नि गोळ्या देशील. गरम गोळ्यांनी गर्भ पडतो. काढा दिलाय म्या."

मी आतून ओरडले. धाग्यांना आवाज नसतो, मित्रांनो.

एका सकाळी सायली म्हणाली, "आत्या, बाळ हालंना."

पातेलं पडल्याचा आवाज. "अमिना! धाव गं माय!" द्वारकाबाई ओरडली.

बोटातून रक्त. पट्टीवर दोन रेघा. मलेरिया. रिक्षा. कुलूप निघालं.

आता मी दवाखान्यात सायलीच्या खाटेवर आहे. "औषधानं नाही, ताप अंगावर काढल्यानं बाळाला धोका झालाय," डॉक्टर म्हणाले. सलाईन सुरू आहे. बाळाचे ठोके यंत्रात ऐकू येतात. फार हळू. द्वारकाबाई माझी कड मुठीत धरून बसली आहे. "वाचव गं," म्हणते. मला! मी डास अडवते. रक्तात शिरलेलं कसं अडवू?

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी कुणी पोटुशी असेल आणि तिला थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्या. पेट्या उघडा. माझी एखादी बहीण आत असेल. तिला बाळासाठी राखू नका. आईच्या खाटेला बांधा, कडा गादीखाली नीट खोचा, म्हणजे...

थांबा. ठोके ऐकू येईनात.

द्वारकाबाई उठली. "सिस्टर! ओ सिस्टर!"

मित्रांनो, बांधा. आजच बांधा.