माजंबी त्येच

घरचं माणूस फसवतं ते गोड बोलूनच फसवतं. परका निदान फसवून पळून तरी जातो. घरचा फसवतो आणि संध्याकाळी तुमच्याच हातची भाकरी खायला बसतो. उत्तरेश्वर पेठेतल्या तानाबाईला हे पन्नाशीला टेकल्यावर कळलं, आणि कळायला कारण झाली चिमूटभर मिश्री.

मिश्री म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कधी आजी-मावशी नव्हती त्यालाच सांगावं लागेल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि पहाटे बोटानं दातांना लावायची. पुरुषांना वाटतं बाया दात घासतात. कसले दात घासतात! हंबीरराव, म्हणजे तानाबाईचा नवरा, पहाटे म्हशी हाकत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचा. तिथं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि ऊन चढता परत यायचं. धाकटा दीर पिराजी कागलच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला पळायचा. मग घर बायांचं. तानाबाई आणि पिराजीची बायको बनाबाई, दोघी जावा, दाराच्या पायरीवर बसायच्या, मध्ये एकच डबी. त्या पायरीवर काय काय बोलून झालं होतं! बनाबाईचं पहिलं पोर पोटातच गेलं, तेव्हा ती सासू-नवऱ्यासमोर रडली नाही, तिथं रडली. तानाबाईच्या भावानं वाटणीत तिला डावललं, तेव्हा भावाला घातलेल्या शिव्या त्या पायरीनंच ऐकल्या. मिश्री तोंडात असली की बोलणं आपसूक निघायचं.

साल दोन हजार तीन असेल. तानाबाईच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची. दवाखान्यातली डॉक्टरीण पोरगेलीशी होती, पण बोलायला फटकळ. बॅटरी मारून तिनं आत बघितलं आणि म्हणाली, "मावशी, मिश्री आजपासून बंद. अजून हा नुसता चट्टा आहे. हे असंच चालू ठेवलंत तर पुढं मी काही करू शकणार नाही."

तानाबाई तडक उठली. घरी येऊन तिनं डबी उकिरड्यावर भिरकावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यावर जाऊन शोधूनही आणली. पुन्हा टाकली. पुन्हा शेजारच्या चिमणाबाईकडनं चिमूट मागून लावली. हंबीरराव घरभर ओरडत फिरला, "मरायचं असंल तर मर जा! आमी काय तुला खांदा द्यायला बसलोय व्हय?" ओरडून झालं की गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात टाकून गप्प उभा राहायचा. त्यालाही भ्या वाटत होतं, पण कोल्हापुरी गड्याचं भ्या ओरडूनच बाहेर पडतं.

शेवटी तानाबाईनं हात टेकले. "बने, माझ्यानं न्हाय व्हायाचं. मी सोडतो म्हणतो आणि हातच ऐकत न्हाय." (आमच्याकडच्या बायका ‘मी सोडतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्याच्या पावण्यांना हसायचं असेल तर त्यांनी खुशाल हसावं.)

बनाबाई म्हणाली, "अक्का, मग मीबी सोडतो की तुज्यासंगं."

"तू कशापायी? तुला काय झालंय?"

"तू एकटी पायरीवर कोरड्या तोंडानं बसणार, आणि मी तुज्यासमोर घासू? माजा घास तरी उतरंल का?"

तानाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पाठची बहीण असती तरी एवढं बोलली नसती. पुढच्या रविवारी दोघी जोतिबाला गेल्या. गुलालानं लालबुंद झालेल्या पायरीवर तानाबाईनं कपाळ टेकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, आजपासनं मिश्रीला शिवणार न्हाय. शिवलो तर तू बगून घे." बनाबाईनं मागोमाग डोकं टेकलं. "देवा, माजंबी त्येच," म्हणाली. चांगभलं झालं, खोबरं-गुलाल उधळला आणि दोघी घरी आल्या.

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. पहाटे उठलं की पोट साफ व्हायचं नाव नाही. मिश्रीशिवाय पोट हलतच नसे, हे तानाबाईला तेव्हा कळलं. दुपारपर्यंत डोकं असं ठणकायचं की म्हशीच्या गळ्यातली घंटासुद्धा सोसवत नसे. हातातलं काम सुटायचं. एकदा हंबीररावानं "चहा गार हाय" एवढंच म्हटलं, तर तिनं कपबशी अंगणात फेकली आणि मागनं स्वतःच रडत बसली. सगळ्यात वाईट ती पायरी. बसलं की उजव्या हाताचं बोट आपोआप तोंडाकडं जायचं. बोट दातांवर कोरडंच फिरायचं, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून ती इकडंतिकडं बघायची.

पण शेजारी बनी होती ना! बनीही डोक्याला फडकं करकचून बांधून बसायची. "अक्का, माजं तर कपाळ फुटंल असं वाटतंय," म्हणायची. मग तानाबाई स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून उठायची, खोबरेल कोमट करायची, बनीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि दाब दाब दाबायची. "सोस बाई. माझ्यापायी सोसतीयास. देव तुला कमी करणार न्हाय." बनी डोळे मिटून पडून राहायची.

एकदा तर घात होता होता राहिला. भाचीच्या हळदीत बायांचा घोळका बसला होता, डबी हातोहात फिरत होती आणि कुणीतरी तानाबाईच्या तळहातावर चिमूट ठेवलीच. नुसत्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. बोट बुडवलं. तेवढ्यात मनात आलं, घरी ती धाकटी माझ्यापायी फडकं बांधून पडलीय, आणि मी थोरली इथं तोंड काळं करू? तिनं मूठ मोरीत झटकली. त्या दिवशी बनी आठवली नसती तर सगळं मुसळ केरातच होतं.

हळूहळू डोकं शांत झालं, पोट मार्गाला लागलं. चट्टा फिकट झाला. डॉक्टरीण खूश. "मावशी, कसं काय जमवलंत?" तर ही म्हणते कशी, "मी कुटलं जमवतो? माज्या जावंनं जमीवलं." गल्लीत सांगत सुटली, बनीसारखी जाऊ दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. बाया माना डोलवायच्या. चिमणाबाई पदर तोंडाला लावायची. तानाबाईला वाटायचं, बिचारीला भरून येतंय.

भरून कसलं येतंय! हसू दाबत होती ती.

पुढच्या मार्गशीर्षातला शुक्रवार. तानाबाई अंबाबाईची ओटी भरायला निघाली होती, पण देवळातली रांग बघून तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. बाहेरूनच हात जोडून ती माघारी वळली आणि घरामागच्या परड्यातल्या बोळानं घरात शिरू लागली. बोळाच्या तोंडालाच तिला वास आला. मिश्री सुटल्यापासून तिचं नाक पुन्हा तरुण झालं होतं, आणि हा वास तर ती मेल्यावरही ओळखेल. तंबाखू भाजल्याचा.

गोठ्याच्या दारात हंबीरराव उभा. तोंड घराच्या पुढल्या दाराकडं, पाठ बोळाकडं. मागं न बघता तो आत कुणाला तरी म्हणत होता, "आटप बाई लौकर. देवळातनं यायची येळ झाली तिची."

तानाबाई त्याच्या काखेखालून आत डोकावली. वैरणीच्या आडोशाला तीन दगडांवर पत्रा, पत्र्यावर काळी भुकटी, आणि पुढ्यात बनाबाई. डोक्यावरचा पदर खांद्यावर, बोट तोंडात, ओठांच्या कडेनं काळं पाणी. इतकी वर्षं ही बाई थोरल्या दिरासमोर पदराशिवाय उभी राहिली नव्हती, त्याच्या वाटेतनंसुद्धा अंग चोरून जायची. मिश्री तर बायांनी गड्यांच्या नजरेला पडू न देता लावायची. ती आज त्याच्याच राखणीत बसून लावत होती. तानाबाईला मिश्रीपेक्षा तो खाली पडलेला पदर जास्त लागला. म्हणजे हे आजचं नव्हतं. लाज मोडायला दिवस लागतात.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

हंबीरराव दचकून वळला. "अगं, तू... रांग न्हवती व्हय?"

"कवापासनं म्हणतो मी!"

बनाबाईनं घाईनं पदर ओढला. तोंडातलं गिळावं की थुंकावं कळेना, तशीच उभी राहिली. हंबीररावच बोलला, "हे बग, वरडू नगंस. तिनं सोडलीच न्हवती. तू एकटी सोडणार न्हाईस हे सगळ्यांस्नी ठावं हुतं. मीच म्हटलं तिला, संगती सोडल्यागत कर. बाजारातनं तंबाखू मीच आणून देतो. तुज्या भल्यासाठनंच केलं, वाईटासाठनं केलं का?"

"सगळ्यांस्नी? पिराजीभावजींस्नी?"

"त्येलाबी."

"चिमणाबाईला?"

तो म्हशीच्या दाव्याची गाठ उगाच चाचपायला लागला. म्हणजे तिलाही. म्हणजे गल्लीत तानाबाई ज्या ज्या दारात जावेचे गोडवे गाऊन आली, त्या प्रत्येक दारानं तिच्या पाठीमागं हसून घेतलं होतं. आख्ख्या पेठेला माहीत, आणि जिचं दुखणं तीच येडी!

बनाबाईनं शेवटी थुंकून तोंड पुसलं. "अक्का, देवाला मी फसीवलं न्हाय. आटीव. मी मिश्रीचं नाव तरी घेतलं का? मी 'माजंबी त्येच' म्हटलं. माजं मागणंबी त्येच हुतं, तुजी सुटावी. देवानं ऐकलं की."

"देवाचं त्यो बगंल," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की हंबीररावाला पुढं सरकावं लागलं. "माज्या मांडीवर डोकं ठिवून पडत हुतीस. माजं सोताचं डोकं फुटत असताना मी तुजं दाबलं. तवा तुजं काय दुखत हुतं, बने?"

बनाबाईची मान खाली गेली. "कायबी न्हवतं दुखत."

एवढं ऐकल्यावर तानाबाई पत्र्यापाशी गेली आणि खाली बसली. भुकटी अजून गरम होती. तिनं चिमूट उचलली.

"ताने, न्हाय!" हंबीरराव ओरडला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून तिनं विनवणी ऐकली नव्हती, ती आज ऐकली. "हातापाया पडतो, लावू नगंस. इतकी मेहनत वाया जाईल!"

मेहनत! कुणाची मेहनत? पहाटे भिंतीला डोकं लावून कण्हलं कोण, हा हंबीरराव, की गोठ्यात बसून घासणारी ही? तानाबाईच्या मनात असं पेटलं की लावावी, चांगली दात काळे होईस्तोवर लावावी, ह्या दोघांच्या समोर लावावी. केसानं गळा कापलात काय, मग बघा आता. यांचा सगळा डाव मोडायला एक बोट पुरे होतं. तोंडाला पाणीही सुटलं होतं, खोटं कशाला बोला. आणि या वेळी तर शेजारी सोसणारी कुणी बनी नव्हती. कधी नव्हतीच, हे आत्ता कळलं होतं.

मग तिच्या ध्यानात आलं, की कुणीच शेजारी नव्हतं तर मग सोडली कुणी?

तिनं चिमूट पत्र्यावर परत टाकली. बोटं शेणात पुसली. म्हणाली, "ही मी सोडलीया. मी एकटीनं. तुमी सोडीवली म्हणून गल्लीत सांगत फिरू नगासा." आणि उठून घरात गेली. त्या रात्री तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं, पण कुणाला "आणि घे" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पायरीवर बसली होती. म्हशी गेल्या, पिराजी गेला. बनाबाई आतून आली, दाराला धरून उभी राहिली. तोंड धुतलेलं, डोळे रडून सुजलेले.

"अक्का, मी आज खरंच सोडली. सक्काळपासनं तोंडाला लावली न्हाय. डोकं उठलंय. खरंच उठलंय गं."

तानाबाईनं तिच्याकडं बघितलं. ते खरं होतं. आता तिला ते दुखणं दिसल्याबरोबर ओळखता येत होतं. कपाळावरची शीर उडत होती. तेल कोमट करायला उठावं असं तानाबाईच्या पायांना वाटलंही.

ती उठली नाही. बनाबाई पुढं येऊन तिच्या शेजारी बसायला वाकली, तशी तानाबाई सरकली नाही, जागाही दिली नाही.

"काय तरी बोल की गं, अक्का. शिव्या घाल. मार."

"बने," तानाबाई म्हणाली, "मिश्री सोडताना तुजी सोबत हाय म्हणून सोसलं. आता मला तुला सोडायचं हाय. त्येला सोबत कुणाची घिऊ, त्येवढं सांग."