कमरेएवढ्या पाण्यातलं जाकीट

सन २०१३, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ऑक्टोपस धरायची मडकी समुद्रात सोडायला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी स्फाक्स शहराच्या बाजारातून बोटीनं मी केरकेना बेटावर आलो. मी नारिंगी लाइफ जाकीट बोलतोय. नीट ऐका. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही.

मला मबरूकानं विकत घेतलं. गवताचे दोर वळून वळून तिच्या तळहाताची कातडी निघाली होती, त्या कमाईतून. तिचा नवरा खमैस चाळीस वर्षं मासेमारी करतो आणि त्याला पोहता येत नाही. बेटावर निम्म्या म्हाताऱ्यांना येत नाही. पण हे बोलून दाखवायचं नसतं.

"हे काय आणलंस? नवरदेवाचा कोट?" खमैस हसला.

"होडीत चढताना घालायचं. बक्कल लावून."

"अगं, आपल्या समुद्रात बुडायचं तर आधी खड्डा शोधावा लागतो. पडलो तर उभा राहीन!"

हे वाक्य तिथला प्रत्येक पुरुष बापाकडून घेतो आणि मुलाला देतो. त्यात अर्धं खरं आहे. किनाऱ्यापासून कोसभर गेलात तरी पाणी कमरेला लागतं. लोक होडीतून उतरतात, दोर सोडवतात, पुन्हा चढतात. पण त्या उथळ समुद्राच्या पोटात ओढे आहेत, खोल आणि ओढीचे. एक पाऊल वाळूवर, दुसरं कुठंच नाही. अर्धं खरं माणसाला पुरतं. मला पुरत नाही.

खमैसनं मला होडीत टाकलं आणि वर बसला.

आठवड्यानं होड्यांच्या तपासणीचा दिवस आला. प्रत्येक होडीत जाकीट दाखवावं लागतं. धक्क्यावर होड्या एकोणीस आणि चांगलं जाकीट मी एकटा. साहेब पुढच्या होडीकडे वळला की मी मागून हातोहात त्याच्या पुढे पोचायचो. माझ्या खांद्यावर डांबराचा डाग होता. साहेबानं तो एकोणीस वेळा पाहिला आणि एकोणीस वेळा मान डोलावली. सगळी शहाणी माणसं! कागदावर त्या दिवशी एकही जण बुडणार नव्हता.

शेवटची होडी तिजानीची. तो खमैसचा शेजारी, जाडजूड आणि तोंडाळ.

"संध्याकाळी आणून देतो," तो म्हणाला.

ती संध्याकाळ चार महिने आली नाही. तिजानीला मी उशी म्हणून आवडलो. खमैसपेक्षा तो वजनदार, एवढाच माझ्या नशिबात फरक. पुढं त्यानं माझा कमरेचा पट्टा कापला आणि त्या पट्ट्यानं मडकी बांधली.

मबरूका दर शुक्रवारी धक्क्यावर यायची.

"तिजानीभाऊ, जाकीट?"

"उद्या, बहिणी. इन्शाअल्ला."

"तुझा उद्या कोणत्या वारी येतो रे? सांग, मी त्या वारी येते."

धक्क्यावरचे हसायचे. घरी खमैस तिच्यावर चिडायचा. "एका जाकिटासाठी माझी अब्रू घालवतेस. लोक म्हणतील, खमैस पाण्याला भ्यायला."

"भीत नाहीस तर मग मीच भिते. मला माझी वस्तू आणून दे."

त्यानं मागितलं नाही. मागितलं असतं तर हवंय असा अर्थ झाला असता. ही पुरुषांची अक्कल. माझ्यात नुसता फोम भरलाय, तरी मला ती कमी वाटते.

फेब्रुवारीत तीन दिवस वारा सुटला. चौथ्या दिवशी सकाळी होड्या मडकी उचलायला निघाल्या. ऑक्टोपस त्या मडक्यात शिरतो, घर मिळालं म्हणून खुशीत बसतो आणि मडक्यासकट वर येतो. लोक त्याला मूर्ख म्हणतात.

खमैसच्या मडक्यांचा दोर तळाशी अडकला. शेजारीच तिजानीची होडी होती. वाऱ्यानं वाळू हलली होती. काठी बुडवून खोली बघायची, तर काठी हाताशीच होती. चाळीस वर्षं मासेमारी केलेल्या माणसानं काठी बुडवायची म्हणजे कमीपणा. तो लोकरी कोटासकट, जणू ओसरीवरून उतरावं तसा, होडीतून उतरला.

आणि नाहीसा झाला. टोपी तेवढी वर राहिली.

"खमैस! उभा राहा! अरे, उभा राहा!" तिजानी ओरडला.

कशावर?

तिजानीलाही पोहता येत नव्हतं. तो उठला. चार महिन्यांनी माझ्या पाठीला वारा लागला. त्यानं माझ्या खांद्याला दोर बांधला आणि मला फेकलं. कमी पडलो. ओढून पुन्हा फेकलं. पाण्यातून एक हात आला, मग दुसरा, आणि त्या माणसानं मला अशी मिठी मारली की शिवण करकरली. इतके दिवस मी कुणाच्या बुडाखाली होतो हे तेव्हा दोघांनाही आठवत नसावं.

तिजानीनं दोर ओढून त्याला आपल्या होडीत घेतलं. खमैस खारं पाणी ओकत पडला. तिजानीचं तोंड मात्र चालूच होतं.

"घे तुझं जाकीट. परत केलं. आता बायकोला सांग, शुक्रवारी येऊ नको म्हणावं."

"हातात द्यायचं होतंस," खमैस धापा टाकत म्हणाला. "तोंडावर काय फेकतोस?"

आता मी मबरूकाच्या दाराजवळच्या खुंटीवर असतो. खमैस मला घालतो, पण धक्का नजरेआड झाल्यावर. लाज वाटते म्हणे. बुडताना वाटली नव्हती. मला तुमचे आभार नकोत, कौतुक नको. अंगात घाला, बक्कल लावा, आणि मग हवं तेवढं पुरुष व्हा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ओला नवरा आणि ओला मी दारात आलो तेव्हा मबरूका रडली नाही. तिनं नवऱ्याला चुलीजवळ बसवलं, मला उलटंपालटं केलं आणि दारातल्या तिजानीला विचारलं, "पट्टा कुठाय?"

तोंडाळ तिजानी आल्या पावली मागं फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टा घेऊन आला. उंबऱ्यावर बसला आणि जाळं विणायच्या जाड दोऱ्यानं स्वतः शिवला. मबरूकानं दोन्ही हातांनी पट्टा ओढून पाहिला. आणखी एकदा ओढला.

मग मला खुंटीवर टांगलं.