बूट घालून दिलेलं आमंत्रण

श्रीनिवासराव गद्रे स्कूटरवरून पडले तेव्हा हेल्मेट स्कूटरलाच होतं, आरशाला अडकवलेलं. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. हेल्मेटसक्तीच्या विरोधात शनिवार पेठेत सभा झाली होती, तेव्हा "डोकं आमचं आहे, सरकारचं नाही," हे टाळ्या घेणारं वाक्य त्यांनीच टाकलं होतं. त्यामुळे हॉस्पिटलात भेटायला आलेल्यांपैकी कुणी हेल्मेटचा विषय काढला नाही. श्रीनिवासराव कित्येक दिवस डोळे मिटून पडून होते आणि त्यांची बायको वासंती बाहेरच्या बाकावर बसून, हा माणूस उठून एकदा तरी आपल्याला टोमणा मारू दे, असा नवस बोलत होती.

नवस अर्धाच फळला. माणूस उठला, चालायला लागला, बोलायला लागला, वर्तमानपत्र वाचू लागला. टोमणा मात्र गेला तो गेलाच. मारता येईना आणि दुसऱ्याने मारलेला कळेना.

दुसऱ्या गावात हे खपून गेलं असतं. पण शनिवार पेठेत टोमणा न कळणं म्हणजे बाजारात बसून भाव न कळणं. त्यात श्रीनिवासराव म्हणजे पेठेचा मानबिंदू. एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीवर त्यांनी उभा जन्म बसून काढला. "चौकशी इथेच करायची का हो?" असं कुणी विचारलं की ते मान वर न करता म्हणत, "छे, इथे कांदाभजी मिळतात. चौकशी समोरच्या हॉटेलात." माणूस तिथे जळफळायचा आणि घरी जाऊन तेच वाक्य चार जणांना कौतुकाने सांगायचा.

वासंतीनेही लग्नापासून हेच ऐकलं. पण एक गोष्ट ती कुणाजवळ बोलली नव्हती. या तिरकस माणसाला तिचं मन वाचता यायचं. तिने कढईवर झाकण कसं ठेवलं यावरून त्यांना कळायचं, की आज माहेरून फोन आला होता, किंवा कंबर दुखते आहे. तिच्या "काही नाही"चे सगळे प्रकार त्यांना पाठ होते. ते कधी जवळ बसून विचारपूस करत नसत. "आज भांडी जरा वरच्या पट्टीत गातायत," एवढंच म्हणत आणि उठून स्वतः चहा टाकत. त्या चहात साखर नेहमी जास्त व्हायची. आता वासंती झाकण आपटो की ठेवो, श्रीनिवासराव ढिम्म बसून राहत. तिच्या संसारातली ही एकच खासगी भाषा होती, आणि ती समजणारं माणूस समोर बसून होतं पण समजत नव्हतं.

हॉस्पिटलातर्फे अक्षता नावाची एक तरुण मुलगी शिकवायला घरी यायची. ती चेहऱ्यांची चित्रं समोर ठेवी. "काका, या बाईंना काय वाटत असेल?"

श्रीनिवासरावांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "त्यांना काय वाटतंय ते त्यांनाच विचारा. मी कसं सांगू?"

वासंतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आला, माझा माणूस परत आला! पण श्रीनिवासराव गंभीरपणे चित्रातल्या बाईकडे पाहत होते. ते उत्तर मनापासूनचं होतं.

"काकू," अक्षता म्हणाली, "समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज आपण न शिकता बांधत असतो. काकांच्या डोक्यात नेमका तिथेच मार बसलाय. शब्द कळतात, पण शब्दांच्या मागचं दिसत नाही. तुम्ही एक करा. जे मनात असेल तेच सरळ बोला."

"सरळ?" वासंती म्हणाली. "अगं, आम्ही शनिवार पेठेत राहतो."

मग अक्षताने काकांना शिकवलं, की कळलं नाही तर विचारायचं. श्रीनिवासरावांनी ते मनावर घेतलं. इतकं घेतलं, की अक्षताने शिकवलं नसतं तर बरं, असं वासंतीला वाटू लागलं. "तू रागावलीस का?" "तुला वाईट वाटलं का?" "तू आत्ता हसलीस ते आनंदाने का?" सकाळपासून रात्रीपर्यंत चौकशीची खिडकी उघडी, फक्त आता खिडकीच्या बाहेर श्रीनिवासराव उभे. आणि आत बसलेली वासंती सवयीने एकच उत्तर द्यायची, "काही नाही." त्यावर ते "बरं" म्हणून निश्चिंत होत. रात्री तीन-तीनदा उठून दिवा लावत आणि विचारत, "तू झोपलीस का?"

बिल्डिंगमध्येही हाहाकार उडाला. वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाई दुपारी एक वाजता वर आलेल्या श्रीनिवासरावांना आपल्या दारात उभ्या राहून, आत न बोलावता, "आता जेवूनच जा भावजी," म्हणाल्या. पेठेतल्या रीतीप्रमाणे याचा अर्थ "निघा आता" असा होतो. श्रीनिवासराव चपला काढून आत गेले आणि पाटावर बसले. आनंदीबाईंनी कपाळाला हात लावून ताट वाढलं. "लाजू नका हं," असं म्हणायचा गुन्हाही त्यांच्याकडून झाला. श्रीनिवासराव लाजले नाहीत. शेवटी आमटी खारट झाल्याचं सांगून ते उठले. "भावजींची भूक छान सुधारली हो," असं आनंदीबाईंनी जिन्यात वासंतीला ऐकवलं, आणि त्या वाक्यातला प्रत्येक काटा वासंतीला बरोबर टोचला. टोचून घ्यायला घरात आता ती एकटीच उरली होती.

त्यांचा मुलगा पुष्कर शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला राहायचा. तिथे आयटीत मोठ्या पदावर होता, मोठा फ्लॅट होता, आणि दर रविवारी तासभर येऊन बसायची त्याची पद्धत होती. त्या रविवारी वासंतीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. पुष्करने ती पाहिली. पाहिली म्हणजे अगदी व्यवस्थित पाहिली, आणि मग फोनमध्ये डोकं घातलं. सुनेने, उत्कर्षानेही पाहिली आणि "आई, तुम्ही किती स्ट्राँग आहात!" म्हणाली. वासंतीनेही आडून आडून सांगून पाहिलं.

"झोप म्हणजे काय असते ते विसरलेच बाई मी. असो. तुमची कामं तुम्हाला, आम्ही काय, आहोत झालं."

पुष्कर काही मठ्ठ नव्हता. त्याच्या डोक्याला कुठे मार लागला नव्हता. त्याला सगळं कळलं, आणि म्हणूनच तो उठला. दारात बूट घालता घालता म्हणाला, "आई, काहीही लागलं तर नुसती हाक मार. आम्ही आहोतच. आणि बाबा, तुम्ही केव्हाही या खराडीला. ती गेस्टरूम तुमचीच आहे. चार दिवस काय, महिनाभर राहा!"

"हो बाबा, सिरियसली," उत्कर्षा लिफ्टचं बटण दाबत म्हणाली. "आम्हाला खूप आवडेल."

"बरं," श्रीनिवासराव म्हणाले.

वासंतीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. पायात बूट घालून दिलेलं आमंत्रण धरायचं नसतं, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. जेवायला बोलावलेला माणूस वेगळा आणि निघताना "या हं एकदा" म्हटलेला माणूस वेगळा. दुसरा खरंच आला तर दोन्ही घरांची पंचाईत होते.

मंगळवारी सकाळी कप फुटला. आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कप हातातून सुटला की तिने सोडला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"तू रागावलीस का?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"नाही हो! मी आनंदाने नाचतेय!"

श्रीनिवासरावांनी वाकून तिच्या पायांकडे पाहिलं. "नाचत नाहीयेस तू," ते काळजीने म्हणाले. "आणि पायाजवळ काच आहे."

वासंती ओट्याला टेकून खाली बसली. आयुष्यभराचे टोमणे, सूचक सुस्कारे, आपटलेली झाकणं, सगळं दारूगोळ्याचं कोठार एकदम निकामी झालं होतं. मग तिच्या तोंडून जे निघालं, तसं उघडंवाघडं ती लग्नापासून कधीही, कुणाशीही बोलली नव्हती.

"मी दमलेय. मला झोप हवी आहे. मला चार दिवस या घरात कुणीही नको आहे."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

"बरं," श्रीनिवासराव म्हणाले आणि काचा गोळा करायला लागले.

बोलून गेली आणि तिला शरमेने मेल्यासारखं झालं. बिचाऱ्या आजारी माणसाला असं बोलतात? ती तशीच पिशवी घेऊन भाजीला गेली. उगाच लांबच्या भाजीवालीकडे गेली, कोथिंबिरीवरून हुज्जत घातली, आणि परत आली तेव्हा दाराला कुलूप होतं.

तिने आपल्या किल्लीने दार उघडलं, तर आत श्रीनिवासराव नव्हते. त्यांची चप्पल नव्हती, गोळ्यांचा डबा नव्हता, लग्नाकार्याला न्यायची हँडबॅग नव्हती. घरातून निघा म्हणाले मी, आणि हा माणूस निघाला! ज्याला गल्लीतली मस्करी कळत नाही तो या गर्दीत कुठे जाईल? फोन लावला तर तो उशीखाली वाजत होता. आनंदीबाई म्हणाल्या, "मला भेटले ना जिन्यात. विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, वासंतीला मी नको आहे. मी म्हटलं, काय बाई थट्टा!" वासंती तशीच नदीच्या पुलापर्यंत पळत गेली, परत आली, देवापुढे बसली, उठली. सरळ बोलल्याची शिक्षा ही अशी मिळते, असं तिला वाटलं. आपल्या जिभेला तिरकं वळण होतं तेच बरं होतं.

दुपारी पुष्करचा फोन आला.

"आई, बाबा आलेत इथे. एकटे. बसने. मला मीटिंगमधून उठून यावं लागलं. ते म्हणतात, तू केव्हाही या म्हणालास, म्हणून आलो."

वासंतीने भिंतीला हात टेकवला. देवा. सुखरूप आहे.

"नाही म्हणजे, काही प्रॉब्लेम नाही," पुष्कर म्हणाला. "फक्त या वीकमध्ये माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, उत्कर्षाचं घरूनच काम चालू आहे. आल्या आल्या तिला विचारलं त्यांनी, मी आलो ते तुला आवडलं नाही का, म्हणून. ऑकवर्ड झालं ना. पण काही प्रॉब्लेम नाही. तू म्हणशील तसं."

वासंतीला प्रत्येक शब्दाचा अर्थ लख्ख कळला. "काही प्रॉब्लेम नाही" म्हणजे आहे. "तू म्हणशील तसं" म्हणजे रिक्षा कर आणि घेऊन जा. ही भाषा तिनेच त्याला दुधाबरोबर पाजली होती. सवयीने तिचा हात पर्सकडे गेलासुद्धा. पर्सशेजारी, कागदात नीट बांधून ठेवलेल्या, सकाळच्या काचा होत्या.

"काही प्रॉब्लेम नाही ना?" तिने विचारलं.

"नाही... तसा नाही."

"मग बरं झालं. गोळ्यांचा डबा त्यांच्या बॅगेत आहे. रात्री उठले तर घाबरू नका, उठतात ते. आणि उत्कर्षाला आवडलं नसेल तर तसं सांग म्हणावं सरळ. त्यांना राग येत नाही."

मग पुष्करने जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, तू चिडली आहेस का?"

"काही ना..." म्हणता म्हणता ती थांबली. "हो. चिडलेय. आणि दमलेय. त्यांना दे जरा फोन."

फोनवर श्रीनिवासरावांचा श्वास ऐकू आला. "वासंती, तुझं तोंड दिसत नाहीये मला. झोपलीस का?"

"अजून नाही."

"रडतेस का?"

"हो."

"रागाने?"

"नाही. तुमची आठवण येतेय."

श्रीनिवासरावांनी विचार केला. "मग येऊ का परत?"

वासंतीने खोलीतल्या पलंगाकडे पाहिलं. बाहेर शनिवार पेठ एक ते चारची झोप घेत होती. दुकानांची शटरं खाली होती.

"नको," ती म्हणाली. "चार दिवस येऊ दे आठवण."

"बरं," श्रीनिवासराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. वासंतीने दाराला कडी लावली.